बाहेरच्या खोलीतली पाहुणी

डेन्मार्क नकाशात कुठं आहे हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं, आणि माझे बाबा भूगोलाचे शिक्षक! माहीत झालं त्या दिवसापासून मात्र मला तिथं जायचंच होतं. साल चौऱ्याऐंशी असावं. एका क्लबातर्फे तिथली सोळा वर्षांची एक मुलगी रत्नागिरीत राहून वर्षभर आमच्या शाळेत शिकणार होती. ती ज्या घरात राहील, त्या घरातलं मूल पुढच्या वर्षी तिच्या देशात जाणार. अट एकच, वर्ष पुरं व्हायला हवं. मधेच पोरगी घर सोडून गेली की आपलंही जाणं बोंबललं.

खरं तर ती आमच्याकडे यायचीच नव्हती. ज्यांनी आधी हो म्हटलं होतं, त्यांच्या घरात कुणीतरी शंका काढली, की ही काय काय खात असेल, स्वयंपाकघरात शिरली तर देवाचं कसं करायचं? मग दुसऱ्या घरालाही तीच शंका आली. शेवटी मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं आणि बाबांनी हात वर केला. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म घेतला तेव्हा बाबा कॉलेजात जायच्या वयाचे होते. आपल्या घरात कुणी बाटत नाही, एवढंच ते आईला म्हणाले, आणि आईनं त्याच दुपारी पडदे धुवायला काढले.

नारळी पौर्णिमा झाली आणि ती आली. उंच, पोफळीच्या झाडासारखी सरळ, आणि केस एवढे आखूड की शाळेच्या रिबिनी बांधल्या तरी प्रार्थना संपेस्तोवर जमिनीवर. खो-खोत मात्र तिनं कमाल केली. दोन ढांगांत खांब गाठायची. आमच्या बाई शिट्टी वाजवायच्या विसरल्या, एवढ्या बघत राहिल्या.

तिच्याबरोबर क्लबानं एक छापील कागद पाठवला होता. पाणी उकळलेलं, मिरची वर्ज्य, तळण टाळा, कापलेली फळं नकोत. आईला इंग्रजी येत नव्हतं. मी तो वाचून दाखवला आणि माझं डेन्मार्क डोळ्यांपुढं ठेवून चार गोष्टी पदरच्याही घातल्या. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा ठेवायचा, जंतू लागतात. चुलीच्या धुरात तिला येऊ द्यायचं नाही. आईनं ते सगळं शिरसावंद्य मानलं. शेजारून टेबल मागून आणलं, बाहेरच्या खोलीत मांडलं, त्यावर भरतकामाची चादर घातली, आणि पाहुणी तिथं एकटी जेवायला बसायची. उकडलेला दुधी, पाव, जॅम. आई बाजूला उभी राहून वाढायची. पाहुणा जेवताना घरच्यांनी सोबत बसायचं ही रीतच आमच्याकडे नव्हती. आधी पाहुणा, मग आपण.

आणि आमचं काय? दोन-अडीच महिने सुक्या मासळीवर काढलेले, आता कुठं होड्या समुद्रात गेलेल्या. बाजारात बांगडा आला होता! तिचं आटोपलं की आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचो, फोडणीचा ठसका तिला लागू नये म्हणून, आणि तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यावर तुटून पडायचो. धाकटा भाऊ बोटं चाटायचा तर आई त्याला दटावायची, हळू, पोरगी ऐकेल, तिला खावंसं वाटलं तर काय घ्या?

वर्गातही तेच. सरांनी तिला बाकावर बसवलं नाही, आपल्या टेबलाशेजारी खुर्ची दिली. परदेशी पाहुणी ती, तिला चौघींच्या बाकावर दाटीवाटीनं कसं बसवायचं? देवरूखला मामाकडे निघालो तर कंडक्टरनं पहिल्या सीटवरच्या दोघांना उठवून ती पूर्ण सीट तिला दिली. मी शेजारी बसू लागले तर म्हणाला, तू मागं जा, पाहुण्यांना मोकळं बसू दे. मामीनं ओसरीत सतरंजी घातली, नवा पेला काढला. माझी छाती फुगली होती. आमच्यासारखा पाहुणचार अख्ख्या जिल्ह्यात कुणी केला नसेल, मी तर मनातल्या मनात कपडे भरायलाही घेतले होते.

आणि एका रविवारी, भर अकरा वाजता, क्लबाचे गृहस्थ कोल्हापूरहून दारात उभे. पाहुणी तयार होऊन खाटेवर बसलेली, पायाशी बांधलेली बॅग. तिनं त्यांना पत्र लिहिलं होतं, घर बदलून द्या म्हणून. मला काहीच पत्ता नव्हता. काय कमी केलं होतं आम्ही हिला? खोटं कशाला सांगू, तिच्यापेक्षा मला माझ्या विमानाचंच वाईट वाटलं, आणि रागही आला. एवढं करून सवरून वर ही तक्रार!

गृहस्थ भले होते. त्यांनी पत्र बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसतच राहिले. आईनं विचारलं, काय लिहिलंय? तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, माझं ताट वेगळं, पेला वेगळा. माझ्याबरोबर कुणी जेवत नाही. मला बाहेर वाढतात आणि आत जाऊन दार लावून घेतात. शाळेतही मला वेगळं बसवलंय. भारतात असं करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. माझं काय चुकलं, तेवढं तरी मला कळावं."

आई मटकन खालीच बसली. मी तो छापील कागद दाखवायला उठले आणि परत बसले, त्यात जंतूंचं काही नव्हतंच. चार गोष्टी पदरच्या माझ्याच होत्या.

बाबा उठले आणि तिच्या शेजारी खाटेवर बसले. त्यांचं इंग्रजी शाळामास्तरी, एकेक शब्द तोलून. ते तिला सांगत होते, आणि मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, की चौथीपर्यंत ते वर्गात बसलेच नाहीत. शाळेच्या पडवीत बसायचे, खिडकीतून फळा दिसेल तेवढा. पाटी जमिनीवर ठेवायची, मास्तर लांबूनच बघायचे. शाळेच्या माठाला हात लावायचा नाही. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर घरी जाईस्तोवर तहानेलं राहायचं. आम्हा भावंडांना त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मुलांना कळू नये असं वाटायचं, असं ते तिलाच म्हणाले. "आणि आज माझ्याच घरात मी तुला पडवीत बसवलं," असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. माझे बाबा रडतील असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली, इतकी की डेन्मार्क गेलं चुलीत.

ती त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे लालबुंद झाले होते.

तेवढ्यात आई उठली. तिनं पोरीचं मनगट धरलं आणि गृहस्थांच्या देखत तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं. आपल्या पाटाला पाट लावून बसवलं, भात वाढला, त्यावर तिखलं, वर आणखी एक बांगडा. स्वतःही तिच्याच शेजारी ताट घेऊन बसली. पोरीनं पहिला घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून धार लागली. मिरचीनं की कशानं, ते तिचं तिलाच ठाऊक. भावानं तिला काटा कसा काढायचा ते दाखवलं. गृहस्थ दारात येऊन थांबले. गाडीची वेळ झालीय, काय ते ठरव, असं ते तिला म्हणाले.

"थांबा," ती मराठीत म्हणाली. "मी जेवते."

पुढच्या साली मी डेन्मार्कला गेले, वर्ष काढून आले, तिकडच्या गमती सांगायला बसले तर दिवस पुरायचा नाही. पण त्या देशाचं नाव निघालं की मला आठवतं ते आमचं स्वयंपाकघरच. आई घास हातात धरून तिच्यावर चांगलीच तडकली होती, आमच्यावर तडकायची तश्शी.

"दीड महिना गप्प का बसलीस गो? दार ढकलून आत यायचं होतंस. आमच्या माणसांना दार ढकलायची सोय नव्हती, बाय. तुला कोण अडवत होतं?"

हे इंग्रजीत सांग, असं तिनं मला फर्मावलं. मी सुरुवात केली आणि 'आमच्या माणसांना' यापाशीच थांबले. पोरगी म्हणाली, राहू दे, कळलं. आणि तिनं ताट आईपुढं सरकवून आणखी भात मागितला.