जयवंता सिस्टरच्या गाडीचा पंखा

जयवंताबाईंचा पाय जड आहे, असं त्यांचा मुलगा प्रीतम पहिल्यांदा म्हणाला ते नातीच्या वाढदिवसाला, सगळ्या पाहुण्यांसमोर. पाय म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा. लिटरला सतरा-अठरा देणारी गाडी हिवाळा लागल्यापासून तेरावर आली होती, आणि एरवी ती गाडी चालवणाऱ्या घरात त्या एकट्याच. तेव्हा दोष कुणाचा, हे ठरवायला प्रीतमला फार विचार करावा लागला नाही. पाहुणे हसले. सून प्रणालीही हसली, पण सासूकडे पाहून तिनं हसू गिळलं. जयवंताबाई केकची ताटली तशीच ठेवून आत निघून गेल्या.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. जन्मभर त्यांनी चांदूर बाजारच्या दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, अमरावतीहून एसटीनं जाऊन-येऊन. रात्रपाळी संपवून उभ्यानं घरी आल्या, नवरा गेल्यावर मुलगा एकटीनं शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात किंवा पोरांना प्लॉट घेऊन देतात. जयवंताबाईंनी गाडी चालवायला शिकून एक जुनी, लहानशी पेट्रोल गाडी घेतली. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस शेजारी बसून मावशी, मावशी करत ब्रेक दाबायचा, त्याला त्यांनी एक दिवस पाय वर घेऊन बसायला लावलं.

गाडी घेतली ती अकोल्यासाठी. तिथं डाबकी रोडला त्यांची मोठी बहीण पंचफुला राहते. अर्धांगाचा झटका येऊन तिची उजवी बाजू गेलेली. घरात भाचा आणि त्याची बायको आहेत, दोघंही नोकरीवाले. ते जेवू घालतात, औषध देतात, पण नीट अंघोळ घालणं, केस धुणं, पाठीला जखम होत नाही ना हे बघणं, हे जयवंताबाईंचं काम. दर गुरुवारी सकाळी निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोला गाठायचं आणि उन्हं उतरायच्या आत परत. गुडघे असे की एसटीची पायरी चढवत नाही. गाडी गेली तर गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला तर पंचफुलाची पाठ कोण बघणार, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं.

आणि प्रीतमनं गाडी विकायचं काढलं. त्याच्या ऑफिसातला अंकुर रविवारी बघायला येणार, असं त्यानं जेवताना सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं. आईच्या वयाला हायवे बरा नाही, पेट्रोल तर नुसतं वाहून जातंय, अकोल्याला महिन्यातून एकदा मीच नेऊन आणीन, असं त्याचं म्हणणं. महिन्यातून एकदा. जयवंताबाईंनी भाकरीचा तुकडा तोडला तो तोडतच राहिल्या.

त्या गुरुवारी त्या रागातच निघाल्या. कडाक्याची थंडी होती. पंचफुलाच्या दारात गाडी लावली आणि सवयीनं बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले. ही त्यांची जुनी रीत. रोग्याच्या अंगाला गार हात लावायचा नाही, हे दवाखान्यात पहिल्याच वर्षी अंगात मुरलेलं. आणि इतक्या लांबून आलेल्या गाडीचं बॉनेट म्हणजे तयार शेगडीच. पण हात काही तापेनात. आत जाऊन पाठीला हात लावला तशी पंचफुलानं अंग चोरलं. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द आले, "थंडे हायेत तुहे हात. मागच्या खेपीलेबी थंडेच व्हते."

जयवंताबाई थबकल्या. मागच्या हिवाळ्यात असं कधी झालं नव्हतं. बहिणीचं सगळं आवरून त्या बाहेर आल्या, बॉनेट उघडलं आणि चावी फिरवली. गाडी तास न् तास उभी राहून गारठलेली, आणि तरी रेडिएटरचा पंखा पहिल्या क्षणापासून भणाणत सुटला. परतीच्या वाटेवर त्यांची नजर रस्त्याइतकीच तापमानाच्या काट्यावर होती. मूर्तिजापूर मागे पडलं, बडनेरा आलं, काटा तळाशी होता तिथून जेमतेम हलला. गाडी थांबवून त्यांनी कानोसा घेतला. पंखा चालूच.

घरी न जाता त्यांनी गाडी सरळ शेषराव मिस्त्रीच्या गॅरेजला घातली. शेषरावनं आत डोकावून पाहिलं आणि सहज सांगून टाकलं की पंखा डायरेक्ट केलेला आहे. इंजिन तापलं की सुरू, निवलं की बंद, अशी त्याची मूळची सोय. ती काढून तार थेट चावीला जोडलेली. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅटही काढून टाकलेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्ध्या गाड्यांना हेच करतात, तो म्हणाला. मग गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, हेही त्यानं कबूल केलं.

"केलं कोनं हे?"

शेषराव हात पुसत राहिला. "मीच केलं, सिस्टर. प्रीतमभाऊनंच तं सांगतलं व्हतं. मे महिन्यात त्यायच्या हातून गाडी उकळली ना मूर्तिजापूरपाशी. म्हणे, असं काही कर का पुन्हा तापलीच नाई पायजे."

जयवंताबाईंची कानशिलं तापली. तिथल्या तिथं त्यांनी शेषरावला झापलं. ताप नसलेल्या माणसाच्या कपाळावर रात्रंदिवस मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्या तर त्याचं काय होईल, असं विचारलं. गाडी कुणाची आहे, चालवतं कोण, हे माहीत असून तिला एका शब्दानं सांगावंसं वाटलं नाही का, असंही विचारलं, आणि सगळं होतं तसं परत बसवायला फर्मावलं. शेषराव म्हणाला, उन्हाळ्यात तापली तर माह्या नावानं ओरडू नका. त्या म्हणाल्या, रेडिएटर साफ कर, पाणी बघ, पंखा आपल्या वेळेला सुरू होतो की नाही ते मला दाखव, मग नाही ओरडणार. सामान यायला दुसरा दिवस लागला. त्या पुन्हा आल्या आणि काम होईपर्यंत स्टुलावर ठाण मांडून बसल्या. इंजिन सुरू करून काटा मध्यावर चढेपर्यंत पंखा गप्प होता. मग फिरला, थोड्या वेळानं थांबला. त्यांनी तो पुन्हा फिरताना आणि पुन्हा थांबताना पाहिला, तेव्हाच उठल्या. प्रीतमला काही बोलल्या नाहीत.

रविवारी अंकुर आला. भला पोरगा, चपला दाराबाहेर काढून आत आलेला. प्रीतम त्याला गाडीचं सांगू लागला की गाडी चांगलीच आहे, फक्त आईचा पाय जरा जड आहे, तुझ्या हातात मस्त ॲव्हरेज देईल.

जयवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "पंखा डायरेक्ट करून मांगतला तू," त्या म्हणाल्या. "आठवते का?"

प्रीतमला आठवायला वेळ लागला. ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि त्यांना त्याचाच जास्त संताप आला. तो लबाड नव्हता. तो साफ विसरला होता, आणि पेट्रोल जास्त लागू लागलं तेव्हा डोळ्यांसमोर आला तो आईचा पाय.

"तुह्यासाठीच केलं ना आई," तो म्हणाला. "भर उन्हात रस्त्यात बंद पडली असती तं तू एकटी काय केलं असतं?"

"बॉनेट उघडून थंडी होऊ देली असती. गाडी माह्या नावावर हाय, मी चालवतो, अन् तिच्यात काय केलं ते मले सांगाले तुले तोंड नव्हतं. पाय जड हाय म्हनाले बरं तोंड व्हतं, तेबी चारचौघांत."

अंकुर हळूच उठला. गाडी विकायची नाही, तुमचा काही दोष नाही, चहा घेऊन जा, असं जयवंताबाईंनी त्याला बजावलं. चहा प्रणालीनं केला.

अंकुर गेल्यावर प्रीतम मऊ आवाजात म्हणाला, "बरं, मंग असं करू. महिनाभर पाहू काय ॲव्हरेज देते. चांगलं देलं तं ठेवू गाडी, चालवत जा तू."

माफीची वाट त्या बघत होत्या, आणि आली ती परवानगी.

"कोन पाहू?" त्या म्हणाल्या. "तुले इचारलं कोनं?"

पुढच्या गुरुवारी त्या अकोल्याला जाऊन आल्या. बडनेऱ्याच्या पंपावर टाकी भरली, आणि किलोमीटरला लिटरनं भागायचा, शिकवायला कुणी लागत नाही असा तो भागाकार मनातच केला. रात्री जेवताना प्रीतमनं विचारलं, "कितीचं देलं?"

"पंचफुलानं आज अर्धी भाकर खाल्ली," जयवंताबाई म्हणाल्या आणि वरणाचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं.