वहिनीची वार पुरायला निघालो तेव्हा...

सारिकावहिनी, माझ्या भावाची बायको. मागच्या संक्रांतीच्या सकाळी विजय नगरातल्या एका नर्सिंग होममध्ये तिची मुलगी मृत जन्मली, आणि दुपारपर्यंत दोषी ठरली ती वहिनीच. डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधी कधी." आई म्हणाली, "ग्रहणात भाजी चिरली हिनं. मी पाहिलं ना." वहिनीला माहेरी धाडायचं ठरलं, तिला न विचारताच.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या नदीवरच्या ग्वारीघाटावर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते मी. तरी हे लिहून राहिले...

नर्सने विचारलं होतं, "दीदी, वार ले जाओगे कि फेंक दें?" बाळाला पोटात पोसणारी वार — तीच तपासावी, हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. आमच्यात मूल जगो न जगो, वार मडक्यात घालून अंगणात पुरतात, म्हणून घरी आणली. आमच्या फॅक्टरी क्वार्टरच्या ओट्यावर मडकं रात्रभर थंडीत होतं. सकाळी भावाने खड्डा खणला. आईने मडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"मंजू, हात लाव."

लावला. चुलीवरून उतरवल्यासारखं गरम. जवळ शेगडी नाही, ऊनही आलेलं नाही. भावानेही हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"काहून असं?" आई हळूच म्हणाली. "गेलेल्या पोरीला काही सांगायचं असेल का?"

"मग पुरून काहून राहिली? चल, तपासून घेऊ."

"तू अन् तुझी पत्रकं," आई म्हणाली. पण ऑटोत मडकं मांडीवर तिनेच घेतलं.

लॅबच्या मॅडमनी मडक्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं. आत वार थंडगार.

"मडकं बाहेरून गरम होतं," मी म्हटलं.

"गरम झाली असती तर खराब झाली असती. ही तर चांगली आहे."

रिपोर्ट आला — वारेत जागोजागी गुठळ्या, बाळाचा रक्तपुरवठा अडलेला. पुढे तपासण्यांत कळलं, वहिनीचं रक्त लवकर गोठतं. पुढच्या वेळी सुरुवातीपासून औषध देता येईल. ग्रहणाचा, भाजीचा संबंध शून्य.

आईने माफी मागितली नाही. बांधून ठेवलेली वहिनीची बॅग उघडली आणि साड्या एकेक करून कपाटात परत लावल्या.

मडकं का तापलं, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

पण तुमच्या घरी बाळंतपण बिघडलं, तर वार फेकू देऊ नका, पुरू नका. आधी तपासायला पाठवा. "होतं असं" म्हणणारा डॉक्टर तपासणी लिहून देईपर्यंत त्याच्यासमोरून हलू नका. आणि मडकं तापायची वाट पाहू नका.