धुतलेली झाडं

जालन्यात एका स्टीलच्या कारखान्यासमोर मी रोज बसची वाट बघतो. फाटकावर पाटी आहे : 'कार्बन घटवू, हिरवं स्टील घडवू'. आत भट्टी तीच, धूरही तोच. पाहुणे यायचे असले की एक बाई ओल्या फडक्यानं फाटकाजवळच्या झाडांची काजळलेली पानं पुसते, लेकराचं तोंड पुसावं तशी.

परवा गाडीतून एक साहेब उतरले. पान कुरवाळत म्हणाले, "वा! फरक दिसतोय."

माझं डोकंच फिरलं. बाईनं मात्र काळ्या पाण्याची बादली त्यांच्या बुटांपाशी आणून ठेवली.

"फरक ह्या बादलीत हाय, साहेब. सकाळपासून मीच पुसून राह्यले. धूर कधी थांबवता, तेवढं सांगा."

साहेबांनी बादली ओलांडली आणि हिरव्यागार झाडांचा फोटो काढला.