राखीवाल्या डब्यातून धारला

देवासच्या फलाटावर गाडी लागली आणि मी थबकले. ज्या डब्यांतून मी दौंडहून पुण्याला नोकरीला जात असे, तेच हे डबे. आमच्याकडे नवे आले तेव्हा जुने भंगारात गेले, असं समजून मी हळहळलेही होते. ते इकडच्या रेल्वेला दिले होते. दारांवरच्या मराठी सूचनाही तशाच. दोन्हीकडे देवनागरीच, मग रंगाचा खर्च कशाला, असा विचार कुणी शहाण्याने केला असणार.

बरोबर मामेभाऊ हेमंत होता, देवासच्या कारखान्यात फिटर. धारची वैदेही त्याला मनापासून आवडली होती. तीही राजी होती. अडलं होतं तिच्या बाबांपाशी. जावई मराठी वाचणारा हवा, समोर बसवून वाचून घेईन, असा त्यांचा निरोप होता. हेमंत शिकला हिंदीत. म्हणून वाटेत तयारी करून घ्यायला मामींनी मला पुण्याहून बोलावलं.

इंदूरपर्यंत गाडी, पुढे बस. सवयीने मी ‘महिलांसाठी राखीव’ लिहिलेल्या डब्यात चढले, तर आत निम्मे पुरुष. लसणाचं पोतं घेऊन बसलेल्या एका मिशाळ गृहस्थांना मी उठायला सांगितलं.

“लिख्यो तो है, जिज्जी (थोरली बहीण),” ते शांतपणे म्हणाले. “महिला के साथी, राखी वाले. म्हें तो सबका भई हां.” त्यांनी मनगटावरचा लाल दोरा दाखवला. बघते तर सगळ्याच पुरुषांच्या मनगटांवर दोरे.

मी तणतणत तिकीट तपासनिसाला गाठलं आणि राखीव म्हणजे आरक्षित, हे समजावलं.

“मैडम, गाड़ी आई तब से हम राखी ही देख रहे हैं,” तो म्हणाला. “अब आप मतलब मत बदलो.” मग त्याची नजर हेमंतच्या मोकळ्या मनगटावर गेली. “भिया, तुम किसके भाई हो?”

“इनका.”

“तो बंधवाओ. नहीं तो अगले डब्बे में जाओ.”

मी पिशवीचा उसवलेला दोरा तोडून हेमंतला बांधला. भर गाडीत ओवाळायचं तेवढं राहिलं. शेजारच्या आजीबाई मला समजुतीने म्हणाल्या, “पेलां (आधी) ये हटाए नी हटते थे. अब भई बन्या तो पोटली (गाठोडं) भी उठावे.” समोर मिशाळ भाऊराय खरोखरच बायकांची गाठोडी वर ठेवत होते. माझा व्याकरणाचा मुद्दा तिथेच संपला.

“ताई, राखीव मतलब सच में आरक्षित?” हेमंतने हळूच विचारलं. मी कपाळाला हात लावला.

घाटाबिल्लोदला बस थांबली. मी शेव घातलेले पोहे खाल्ले. हेमंतने आपली बशी माझ्याकडे सरकवली.

धारला वैदेहीच्या बाबांनी आधी हेमंतच्या मनगटाकडे पाहिलं. त्यांनी मराठी वर्तमानपत्र पुढे केलं. ‘नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षा’ हा मथळा हेमंतने न अडखळता वाचला.

“अर्थ सांगा.”

“नक्कल करतात म्हणजे त्यांना येत नाही. तर त्यांना परत शिकवणार. चांगलंच आहे, काका.”

बाबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “जमायचं नाही.”

“बाबा,” दारातून वैदेही म्हणाली, “मलापण तेच वाटलं.”

त्यांनी घडी उलगडून तिच्यापुढे धरली. ती दुसऱ्याच ओळीत अडली. रोज सकाळी बाबा मोठ्याने वाचायचे आणि ती ऐकायची. तिचं बोलणं इतकं अस्सल, की वाचता येतं का हे कुणी विचारलंच नव्हतं. बाबा खाली बसले. मला त्यांची फार दया आली.

हेमंत त्यांच्याजवळ सतरंजीवर बसला. “काका, दोघांना शिकवा ना. मी एक रविवार सोडणार नाही.”

बाबांनी वैदेहीलाही जवळ बोलावलं. मग दोघांच्या मध्ये वर्तमानपत्र पसरून त्यांनी ओळीखाली बोट धरलं. “शिक्षा म्हणजे दंड. म्हणा.” दोघांनी म्हटलं. वैदेहीच्या आईने आतून साखर आणली.

मी निघाले तेव्हा बाबा फाटकापर्यंत आले. “तुमचं पुण्यात बरं आहे,” ते म्हणाले. “तिकडे मुलं वाचतात.”

“हो तर,” मी म्हटलं.

बसमध्ये लेकीचा निरोप आला, कधी येतेस म्हणून. मराठीतच होता, इंग्रजी अक्षरांत. मीही तसंच उत्तर लिहिलं. देवनागरीत लिहिलं असतं, तर तिला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं.