उरलं काय, ते कोणी विचारेना

तिसऱ्या ठिकाणाहूनही नकार आला, तेव्हा गंजबाईनं लॅपटॉप असा काही आपटून मिटला, की आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "फुटला का गं?"

"नाही. नशीब फुटलंय. लॅपटॉप धड आहे."

नकाराच्या ईमेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' ते वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाट अडवून बसायचं यांनीच, आणि वर शुभेच्छाही यांनीच द्यायच्या!

गंजबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाण्याच्या लोखंडी पाइपांना आतून गंज कसा धरतो, या एका गोष्टीपायी तिनं सहा वर्षं घालवली आणि डॉक्टरेट मिळवली. प्रयोगशाळेतल्या पोरांनी तिला हे नाव चिकटवलं, ते घरापर्यंत आलं आणि आता मामासुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा. प्रयोगशाळेतली तिची मुदत महिनाअखेरीला संपत होती. तिच्या जागी यायची होती त्या मुलीनं आपली पाण्याची बाटली तिच्या टेबलावर आत्तापासूनच आणून ठेवली होती. गंजबाई रोज ती बाटली उचलून खिडकीत ठेवायची आणि रोज ती परत टेबलावर दिसायची.

नोकरी मिळाली नाही तर काय, हे मामानं ठरवूनच टाकलं होतं. त्याचा शिकवणीचा वर्ग होता. तिथं नववीला विज्ञान शिकवायची जागा त्यानं भाचीसाठी राखून ठेवली होती. पोरं गोड आहेत म्हणायचा. त्या गोड पोरांनी आधीचे दोन मास्तर पळवून लावले होते. पण गंजबाईला पोरांची भीती नव्हती. एकदा त्या वर्गात शिरलं की गंजाशी संबंध कायमचा सुटला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परत कोण उभं करतंय प्रयोगशाळेच्या दारात?

आता एकच मुलाखत उरली होती. पाइपांना आतून लेप देणाऱ्या कारखान्यातली. दोन दिवसांवर आली होती, म्हणून मामा सराव घ्यायला सकाळीच हजर झाला. आईचा चष्मा नाकावर चढवून तो जेवणाच्या टेबलामागे साहेबासारखा बसला.

"पाठ ताठ ठेव. जरा हस. अगं, एवढे दात नकोत! हां. तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

"मी नातेवाइकांचे सल्ले ऐकते."

"ताई, बघ ही कशी बोलते!"

आई शर्टाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं तेच बोलते. तू पुढचं विचार."

मामानं घसा साफ केला. "तुमच्या संशोधनाबद्दल सांगा."

गंजबाई सुरू झाली. "माझे सगळे प्रयोग प्रयोगशाळेत कापलेल्या तुकड्यांवर झालेत. जमिनीत पुरलेल्या खऱ्या पाइपावर एकही नाही. पाणी एकाच टाकीतलं वापरलंय. शिवाय दुसऱ्या वर्षी छत गळलं, त्यात निम्मे नमुने वाया गेले." एवढं बोलून तिनं हाताची घडी घातली आणि ती मामाकडे बघत राहिली.

मामा तिच्याकडे बघत राहिला. चष्मा घसरून पार नाकाच्या शेंड्यावर आला.

"झालं?"

"झालं कुठे? तू विचारशील म्हणून थांबलेय."

"मी काय विचारू?"

"उरलं काय, असं विचारायचं!"

मामानं कपाळावर हात मारला. "मी कशाला विचारू? मला काय स्वप्न पडलंय?"

मग तिनं चिडून, लहान पोराला समजावावं तसं समजावलं. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सरांचा नियमच होता. सोमवारच्या बैठकीत ज्यानं त्यानं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं बोट ठेवायच्या आत आपल्या कामाची आपणच चिरफाड करायची. कुठे कच्चं आहे, कुठे चुकलंय, सगळं सांगायचं आणि गप्प बसायचं. मग सर पेन्सिल टेबलावर टेकवून विचारायचे, "बरं. उरलं काय?" त्यानंतर जे सांगायचं, तेच खरं काम. सरांनी विचारल्याशिवाय ते सांगितलं, तर ते म्हणायचे, "घाई झालीय का? अजून नीट तोडलेलं नाहीस."

आईचा सुईचा हात थांबला. "आणि तिन्ही ठिकाणी तू असंच सांगितलंस?"

"मग? घरी येऊन तुला म्हटलं नव्हतं का, ढ माणसं आहेत, पुढचं विचारतच नाहीत!"

"अगं बाई माझे," आई म्हणाली, "तू त्यांना भेगा तेवढ्या दाखवल्यास आणि घर बघायला ते आपणहून आत येतील म्हणून उंबऱ्यावर बसून राहिलीस!"

गंजबाईचा चेहरा हळूहळू लाल झाला. मुलाखतीच्या तिन्ही खोल्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तिन्ही ठिकाणी ती अवघडलेली शांतता पसरली होती. कोणीतरी खाकरायचं, कोणीतरी म्हणायचं, "बरं, धन्यवाद." तिला वाटायचं, उद्धट आहेत मेले. तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि मागच्या तीन महिन्यांत गिळलेल्या सगळ्या शिव्या एकदम दिल्या. त्यातल्या काही सरांना होत्या. बऱ्याचशा स्वतःला.

मामाला मात्र उपाय सापडला. "दोष सांगायचेच नाहीत! म्हणायचं, माझं काम क्रांतिकारी आहे. म्हण बघू."

दोन दिवस तो तिच्याकडून ते वाक्य घोकून घेत होता.

कारखान्यातली खोली थंडगार होती आणि एसीचा वारा बरोबर तिच्या मानेवर येत होता. समोर तिघं. मधे लांब मानेचे मोठे साहेब, एका बाजूला भरतीचं काम बघणारा माणूस, दुसऱ्या बाजूला एक इंजिनियर बाई, बाहीवर वंगणाचा डाग. मधल्या बशीतल्या बिस्किटांना कोणी हात लावत नव्हतं.

"तुमच्या संशोधनाबद्दल सांगा," साहेब म्हणाले.

"माझं काम क्रांति..." इंजिनियर बाईंची भुवई वर गेली. आणि मग जीभ आपल्या सवयीच्या रस्त्याला लागली. कापलेले तुकडे. एकाच टाकीतलं पाणी. गळकं छत. सगळा पाढा वाचून गंजबाई गप्प झाली.

तीच ती शांतता. भरतीवाल्यानं पेनाला टोपण लावलं. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. गंजबाई वाट बघत राहिली. मग तिचं तिलाच कळलं, आपण पुन्हा तेच करतोय, आणि तिला असा काही संताप आला, की ती खुर्चीत पुढे सरकली.

"तुम्ही काही विचारणार नाही," ती म्हणाली. "मीच सांगते. हे सगळं वजा केल्यावर उरलं काय, ते ऐका."

साहेब दचकले.

"छत गळून भिजले ते नमुने मी फेकून दिलेत. बाकीच्यांचं सांगते. पाइप वाकतो त्या वाकणावर सगळे गंज शोधतात, तुम्हीही लेप तिथंच जाड देता. गंज तिथं सुरू होत नाही. वाकणाच्या पुढे जोड असतो, त्या जोडाच्या आतल्या अंगाला होतो. टाकून न दिलेल्या प्रत्येक तुकड्यात तिथंच झाला. जमिनीतल्या पाइपाचं मी छातीठोक सांगणार नाही. पण तुमच्याकडे परत आलेले पाइप असतील, ते कापून बघा."

भरतीवाला म्हणाला, "पण आत्ताच तर तुम्ही म्हणालात की..."

"थांबा हो," इंजिनियर बाईंनी त्याला हातानंच गप्प केलं आणि त्याच्यासमोरचं पेन उचलून टोपण काढलं. "जोडाच्या कुठल्या बाजूला? काढून दाखवा."

पाऊण तास त्या दोघी कागदावर पाइप काढत होत्या. शेवटी साहेबांनीच कंटाळून बिस्किटं खायला घेतली.

पुढच्या आठवड्यात फोन आला. निवड झाली होती. मामानं घरात पाऊल टाकताच सगळ्या नातलगांना फोन लावायला सुरुवात केली. "मीच तयार केली! पाठ ताठ ठेव म्हणून सांगितलं होतं!"

गंजबाईनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ती शिवत बसलेल्या आईसमोर येरझाऱ्या घालत होती. "करार एकाच वर्षाचा आहे. कारखाना गावाबाहेर, दोन बस बदलायच्या. सूक्ष्मदर्शक जुना आहे, त्याची काच तडकलीय. आणि तो भरतीवाला माझ्यावर डूख धरून बसणार, लिहून ठेव." एवढं बोलून तिनं हाताची घडी घातली आणि ती थांबली.

आईनं दोरा दातानं तोडला.

"बरं," ती म्हणाली. "उरलं काय?"

गंजबाई खुर्चीत धपकन बसली.

"गंज," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आई, या मामाला फोन ठेवायला सांग गं."