कोफी, काकी आणि मिस्ड कॉल

कोफीचे किस्से आज सांगायचे नाहीत असं ठरवून मी बसतो आणि चहा यायच्या आत दोन सांगून होतात! मालवणात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर चार जण जमले की हे असंच होतं.

कोफी घानाचा. पुण्याला कॉलेजात माझ्या वर्गात. त्याची आई तिकडे समुद्रकाठी मासळी विकते. शहरातला भाव तिला कळत नाही, म्हणून व्यापारी म्हणेल ती किंमत. मोबाइलवर भाव कळवणारी कंपनी काढायची, हे कोफीचं पक्कं. "पण आई फोनला हातच लावत नाही. तिनंच नाही वापरला तर काय उपयोग?" म्हणायचा.

मी म्हटलं, आधी आमच्या बंदरावर करून बघ. आला!

*

माझी काकी बंदरावर मासे विकते. तिनं कोफीला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तुमच्याकडे बांगडो गावता?"

"हो, मिळतो ना!" कोफी शुद्ध मराठीत.

"बोलणा पुण्याचा, पण माणूस आमचो! बस रे जेवक."

*

कंपनीचा मुहूर्त. काकांनी कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मशिनाक व्हायरस-बियरस लागलो तर थंयच्या थंय गाडून टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज कोफीचा.

*

एकदा बांगड्याचा भाव स्क्रीनवर धाडकन कोसळला. प्रोग्रॅम गंडला म्हणून आम्ही सकाळपासून त्याची चिरफाड करत बसलो. दुपारी जेवायला गेलो तर ताटात डाळ-भात आणि वालीची भाजी.

"काकी, मासे?"

"सोमवारी?" काकी ओरडली.

सोमवारी निम्मं गाव मासे खात नाही, भाव पडणार नाहीतर काय! प्रोग्रॅम ठणठणीत होता.

*

भाव हवा तर मेसेज पाठवा, अशी कोफीची स्कीम. एकानं मेसेज पाठवला असेल तर शपथ! सगळ्यांचे नुसते मिस्ड कॉल. सगळ्यात जास्त काकीचे.

"मी रिंग देतंय नि ठेवतंय. तुझ्या मशिनान समजान घेवक व्हया!"

कोफीनं डोक्याला हात लावला. मग त्यानं मशीनलाच ते शिकवलं. मिस्ड कॉल आला की भावाचा मेसेज जायचा. याच युक्तीवर पुढे घानात त्याची मोठी कंपनी उभी राहिली!

तो घानाला जायला निघाला तेव्हा काकीनं त्याच्या आईसाठी स्वतःचा नंबर त्याच्या हातात कोंबला. "तुझ्या आवशीक दी. भाषा येवक नको. रिंग देवन ठेव म्हणान सांग, मी समजतलंय."

*

कोफीचा दर रविवारी फोन. बंदरं वाढली, माणसं वाढली, आनंदात होता. फक्त शेवटी एक वाक्य ठरलेलं, "आई अजून फोनला हात लावत नाही रे." मला वाईट वाटायचं.

एका दुपारी ऐन लिलावात काकीचा मोबाइल एकदाच वाजला आणि थांबला. मी बघितलं तर नंबर घानाचा, पण कोफीचा नव्हे!

मी फोन लावणार, एवढ्यात काकीनं तो हिसकावला. हात पदराला पुसले, एक रिंग दिली आणि कट केला. मग पाटीमागे बसून खुशीत बांगडे रचायला लागली.

"गो काकी, काय बोललंस?"

"सगळा!"