लालबागच्या चित्ताबाई

आमच्या बाईंना अख्खं लालबाग चित्ताबाई म्हणायचं, आणि बाई चालायच्या मात्र इतक्या सावकाश, की त्या शाळेच्या फाटकातून मैदानात पोचेस्तोवर आमचा निम्मा सराव उरकलेला असायचा. त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मुलींचा कबड्डी संघही त्याच घडवायच्या. आफ्रिकेत एकदाच, गाडीत बसून, चित्ता पाहिला होता त्यांनी. पण बोलायच्या अशा, जणू तो डिलाईल रोडला त्यांच्या शेजारच्या खोलीत लहानाचा मोठा झालाय.

बाकीचे प्रशिक्षक रेषेबाहेरून घसा फोडायचे. बाई जिभेने बारीक चिक् चिक् करायच्या. चित्ता डरकाळी फोडत नाही, पिल्लांना पाखरासारखा आवाज काढून बोलावतो, असं त्यांचं म्हणणं. लोक हसायचे. हसेनात का! त्या गोंगाटात आम्हाला नेमका तेवढाच आवाज ऐकू यायचा.

माझी खोड म्हणजे हाव. चढाईत एकीला शिवलं की दुसरी हवीच, आणि तिथेच माझी पकड व्हायची. बाई एकदा म्हणाल्या, "चित्ता थोडाच वेळ जोर लावतो. अंग तापलं की हाताशी आलेलं हरीणही सोडून देतो. त्याला नाही लाज वाटत, तुला कसली वाटते गं?"

त्या वर्षी शाळेच्या एका विश्वस्तांनी बजावलं होतं, यंदा चषक नाही आला तर मुलींचा संघ बंद. अंतिम सामन्यात गुण बरोबरीत, चढाई शेवटची, आणि ती माझी. कोपऱ्यातल्या मुलीला शिवले. तिच्या शेजारची घसरून पडली, अगदी समोर. हात शिवशिवत होते माझे. तेवढ्यात चिक् चिक् आलं, मी गर्रकन वळले आणि मध्यरेषा गाठली. एका गुणाने जिंकलो आम्ही.

बाईंनी लगेच चषकाला हात लावू दिला नाही. चित्तासुद्धा शिकारीनंतर आधी धाप जिरवतो, मग खातो, म्हणून आम्हाला खाली बसवलं. तोवर ते विश्वस्त चषक उचलून फोटोला उभेसुद्धा राहिले. आमचा नुसता जळफळाट. बाई शांत. "नेऊ दे गं. तरस आला की चित्ता शिकार सोडतो. भांडणात पाय मोडला तर उद्या धावणार कोण? आपला संघ राहिला ना?"

पुढे आपल्या देशात चित्ते आणले, तेव्हा चाळीतल्या बायकांनी पेढे भरवले ते बाईंनाच, जणू त्यांच्या माहेरची माणसं आली होती. बाईंनीही जराही न लाजता खाल्ले.

गेल्या वर्षी बाई गेल्या. संघ तेव्हा मीच सांभाळत होते. त्या दिवशी शाळेतून निरोप आला, दुखवटा म्हणून आज मैदान बंद ठेवा. मी मुलींना तसं कळवलं आणि संध्याकाळी कुलूप लावायला गेले. बघते तर सगळ्या पोरी केस घट्ट बांधून, ओळीने उभ्या. डोळे सुजलेले, पण हलायचं नाव नाही. कप्तान पुढे आली.

"मैदान बंद असेल, बाई. संघ चालू आहे."

मी कुलूप पिशवीत टाकलं आणि मध्यरेषा आखायला घेतली.